सत्तावीस वर्षांनी एक थांबा

तुम्ही शिरोलीत उतरता तेव्हा एमआयडीसी नसते. हायवे नसतो, सांगली फाटा नसतो, कास्टिंग भरून पुण्याकडे तोंड करून उभे राहिलेले ट्रक नसतात. असतो तो शाळू, कमरेच्या वर आलेला, आणि त्यात चार मेढींवर बांधलेला माळा. माळ्यावर घोंगडं पांघरून बसलेला राखणदार. साल १८२१. पेशवाई बुडून तीन वर्षं झालीत, कोल्हापूरच्या गादीवर आबासाहेब महाराज आहेत आणि पंचगंगेवरून येणारा गारठा थेट हाडात शिरतोय.

तुमच्या यंत्राबद्दल आधीच सांगून ठेवलेलं बरं. ते जागा बदलत नाही, फक्त साल बदलतं. आणि थांबतं तेही तुमच्या मर्जीनं नाही. आकाशातला एक ठरावीक तारा मंद झाला, की त्याला ब्रेक लागतो. हा तारा दर सत्तावीस वर्षं आणि एक महिन्यानं मंद होतो आणि सुमारे दोन वर्षं ते प्रकरण चालतं. तुमचे थांबे त्यामुळे ठरलेले आहेत, वेळापत्रकात बदल नाही.

उत्तरेकडे तोंड करा, डाव्या हाताला जोतिबाचा डोंगर ठेवा. डोक्याकडे चढत गेलेला तो ठळक पिवळसर तारा म्हणजे ब्रह्महृदय, सारथी तारकासमूहातला सगळ्यांत तेजस्वी. त्याला लागून तीन लहान ताऱ्यांचा चिंचोळा त्रिकोण आहे. पाश्चात्त्यांच्या कथेत ब्रह्महृदय ही शेळी आणि हे तिघे तिची करडं. शेळीला सगळ्यांत जवळचं करडू म्हणजे आपला तारा, एप्सिलॉन. उरलेल्या दोघांतला एटा जरा ठळक, झीटा जरा फिका. एरवी एप्सिलॉन या तिघांत पहिला असतो. आज तो एटापेक्षा मंद आहे, जवळजवळ झीटाच्या पातळीला उतरलाय. एवढी खूण पाठ करून ठेवा, पुढच्या दोनशे वर्षांत तुमच्याकडे दुसरं उपकरण नाही.

राखणदाराचं लक्ष तुमच्याकडे गेलंय.

"काय हरवलंय वर?"

"तो बारका तारा. अर्धा विझलाय."

"ढग असंल."

"ढग नाहीये."

"मग कुणाच्या तरी शेकोटीचा धूर आला असंल मधी," म्हणून तो गोफण मांडीवर घेतो आणि विषय संपवतो.

त्याचं उत्तर विसरू नका. ज्यांचं पोट ताऱ्यांवर चालतं त्या लोकांना याच्या आसपास पोचायला अजून १४४ वर्षं आहेत. या क्षणी जगात हा प्रकार ध्यानात आलेला माणूस म्हणजे जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग गावचा पाद्री योहान फ्रित्श. तारा मंद दिसतोय अशी नोंद त्यानं केली. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

१८४८चा थांबा धावता. १ जानेवारीला पुण्याच्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई मुलींची शाळा सुरू करतायत, तेव्हा ताऱ्याची मंदी, म्हणजे त्याचं ग्रहण, अगदी मध्यावर आहे. यावेळी जर्मनीत आर्गेलांडर आणि हाइस या दोघांनी ताऱ्यावर पाळत ठेवली आहे, म्हणजे निदान कागद जमायला लागलेत. शिरोलीत शाळू तसाच, माळाही तसाच.

त्यापुढचा थांबा १८७४. २६ जूनला नदीपलीकडे, कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये कागलकर घाटग्यांच्या घरी मुलगा जन्मतो, यशवंतराव. पुढे तो दत्तक जाऊन शाहू छत्रपती होणार आहे. तारा तेव्हा नुकता मंद व्हायला लागलाय, पण जूनमध्ये सारथी सूर्याच्या आसपास असतो, त्यामुळे दिसत कुणालाच नाही. इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पत्रिकावाले टपून बसलेले असतात: मुलाच्या जन्माचा आणि ताऱ्याच्या मंदीचा सुतराम संबंध नाही. पंचांगात या ताऱ्याला साधं खातंही नाही.

तरी पुढच्या थांब्यावर तुम्ही हसल्याशिवाय राहणार नाही. २६ जुलै १९०२. मागास वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघालाय. शाहू महाराज स्वतः सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत आहेत. पहाटे पाऊस जरा उघडला आणि ईशान्येला फट पडली तर दिसेल, एप्सिलॉन पुन्हा तळाला गेलेला. आपल्याकडे याच वेळी देशातली सगळ्यांत मोठी दुर्बीण पुण्यात आहे, सायन्स कॉलेजच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत, वीस इंची. कावसजी नायगमवाला ती सांभाळतात. १९१२ मध्ये वेधशाळा बंद होईल आणि दुर्बीण कोडाईकनालला जाईल. पुढचं ग्रहण येईपर्यंत पुण्यात ती असणार नाही.

१९०४ साली पोट्सडामच्या हान्स लुडेनडॉर्फनं जुन्या सगळ्या नोंदी एकाखाली एक मांडल्या आणि सत्तावीस वर्षांचा हिशेब लावला. दुहेरी तारा आहे, एक दुसऱ्याच्या आड येतो. इथवर ठीक. पण आड येणारा तो दुसरा कोण? ताऱ्याचा निम्मा प्रकाश वर्षभर गायब राहतो, म्हणजे झाकणारी वस्तू अजस्र हवी. आणि इतकी अजस्र वस्तू स्वतः मात्र कुठंच दिसत नाही. ग्रहणाच्या ऐन मध्यावर वर्णपट काढला तरी पहिल्या ताऱ्याचाच येतो, फक्त निम्म्या उजेडाचा. दुसऱ्याची सही त्यात सापडत नाही.

आता तुम्ही १९२९च्या दिवाळीत आहात. इथं जरा सावकाश.

अमावस्येची रात्र. शिरोलीच्या घरांपुढच्या पणत्या विझल्या, की आकाश असं काही उतरतं की नदीपलीकडचं कोल्हापूर फक्त एक पिवळा डाग उरतं. त्या डागात गेल्या १ जूनला एक कंपनी सुरू झाली आहे: प्रभात. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी असे पाच भागीदार. चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले, पाचवा पेढीवाला. चित्रपट अजून मुके आहेत. शूटिंग चालतं ते उन्हावर, पांढरे पडदे आणि रिफ्लेक्टर फिरवून. ढग आला की कॅमेरा थांबतो, सगळे मान वर करून बसतात आणि तोंडाचा रंग उडालेला नट सावलीत पान खातो. याच गावात पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून स्वतः कॅमेरा बनवला होता. परदेशातून आणायला पैसे नव्हते, आणि मिस्त्री गावात होते. कोल्हापूरच्या पुढच्या सगळ्या फाउंड्र्या आणि मशीनशॉप या स्वभावातून निघाल्या असं माझं मत आहे: यंत्र उघडायचं, बघायचं, आपल्या हातानं तसंच करायचं. पुरावा मागू नका, उद्यमनगरातून एक चक्कर मारा.

तर, उजेड कमी झाला म्हणजे मध्ये काहीतरी आलंय, हे कोल्हापूरच्या कॅमेरामनला त्या दिवाळीत कुणी शिकवायची गरज नव्हती. काय आलंय, हा पुढचा प्रश्न. त्याला पहिलं भारदस्त उत्तर आठ वर्षांनी, १९३७ मध्ये आलं. कुइपर, स्ट्रुव आणि स्ट्रोमग्रेन या तीन मोठ्या माणसांनी सांगितलं की आड येणारा एक प्रचंड, विरळ, थंड तारा आहे. इतका थंड की त्याचा उजेड डोळ्यांना दिसतच नाही, आणि इतका मोठा की आपल्या सूर्याच्या जागी ठेवला तर शनीची कक्षाही त्याच्या पोटात जाईल. विश्वातला सगळ्यांत मोठा तारा! लोकप्रिय पुस्तकांनी हे चित्र आनंदानं छापलं. दिसत नाही ना, मग केवढंही सांगा.

यंत्र पुन्हा थांबतं ते १९५६च्या ऑक्टोबरात. अजूनही एमआयडीसी नाही. ती महामंडळ म्हणून जन्माला येणार १ ऑगस्ट १९६२ला, कारण त्याआधी महाराष्ट्र राज्यच व्हायचंय. या घडीला संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलंय आणि महिन्याभरात द्वैभाषिक मुंबई राज्य गळ्यात पडणार आहे. शिरोलीत आता ऊस आहे. मोसमातलं पहिलं गुऱ्हाळ सुरू झालंय, चुलाणात चिपाड लोटणारा जळव्या घामानं निथळतोय, आणि उकळत्या रसाच्या वाफेतून ईशान्येला उगवणारा ब्रह्महृदय लिबलिबताना दिसतो. त्याच्या शेजारी एप्सिलॉन तळाशी.

जळव्या तुम्हाला ओंजळभर गरम काकवी देतो. ती चाटता चाटता दोन गोष्टी ऐका.

पहिली. हा उजेड आजचा नाही. एप्सिलॉनच्या अंतराबद्दल मतभेद आहेत, पण हिपार्कस उपग्रहानं पुढे केलेल्या मापनानुसार ते दोन हजार प्रकाशवर्षांच्या आसपास धरतात. म्हणजे तुम्ही बघताय ती मंदी घडली सातवाहनांच्या काळात. नदीच्या वरच्या अंगाला ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथं दहा-बारा वर्षांपूर्वी ब्राँझच्या वस्तूंचा साठा सापडला आणि पाठोपाठ सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. साठ्यात रोमन बनावटीचा एक समुद्रदेव निघाला, पोसायडन, वीतभर उंचीचा, आजही तो टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये उभा आहे. तो देव गलबतातून कोकणात उतरून घाट चढत होता त्या सुमाराला हा प्रकाश तिथून निघालेला.

दुसरी गोष्ट खालच्या अंगाला. पंचगंगा शिरोलीवरून पुढे वाहत नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, आणि पलीकडं कुरुंदवाड. तिथं याच महिन्याच्या ४ तारखेला एक मूल जन्मलंय: श्रीनिवास कुलकर्णी. वाढणार हुबळीला, शिकणार दिल्लीच्या आयआयटीत आणि मग अमेरिकेत बर्कलीला. आकाशात क्षणाक्षणाला काय बदलतं ते पकडण्याची यंत्रं उभारण्यात त्याचं आयुष्य जाणार आहे. पत्रिकावाल्यांनो, मघाशी सांगितलं ते लक्षात आहे ना?

ग्रहण संपतं, निरीक्षक हात हलवत परत जातात. रंगांच्या गाळण्या लावून मोजलं तर सगळेच रंग सारखे मंद झाले होते, तेवढं एक पक्कं झालं. विरळ वायूच्या ताऱ्याच्या चित्रात हे सहजी बसत नव्हतं. मग १९६५ मध्ये सू-शू हुआंग या खगोलशास्त्रज्ञानं सरळ सांगितलं: तारा बिरा काही नाही. धुळीची एक जाड थाळी आहे, कडेनं आपल्याकडे वळलेली, आणि ती मधून जाते. १८२१च्या माळ्यावरचा राखणदार गालातल्या गालात हसला असता.

१९८३चा डिसेंबर. आता शिरोली ती शिरोली. यंत्रातून पाय बाहेर टाकताच काळ्या वाळूत रुततो. क्युपोला भट्टीचा ब्लोअर घोंघावतोय, वर चार्जिंगच्या प्लॅटफॉर्मवरून पिग आयर्न, भंगार, कोक आणि चुनखडी यांचे थर आत पडतायत. तोंडातून ठिणग्यांचा फवारा आणि तांबूस धूर. खाली टॅपिंग होतं, लोखंडाची धार लेडलमध्ये उतरते, दोघे लेडल उचलून साच्यांच्या रांगेवरून चालत जातात. चौदाशे अंशांच्या आसपासचा रस, आणि पायात साध्या चपला. ऑइल इंजिनाचे ब्लॉक, पंपांच्या बॉडी, ट्रॅक्टरचे भाग. देशातल्या कितीतरी गाड्यांची हाडं इथं ओतली जातात.

गेटबाहेरच्या टपरीवर तिसऱ्या शिफ्टची चहाची सुट्टी. तुम्ही वर बघताय. तोंडावर काजळी असलेला एक मोल्डर शेजारी येऊन उभा राहतो.

"काय बघाय लागलाय सायेब? इमान?"

"एक तारा मंद झालाय. मध्ये धूळ आलीय म्हणतात."

तो क्युपोलाच्या धुराकडं बघतो, मग तुमच्याकडं. "ही?"

"ही नाही. तिकडं वर, लांब."

"तिकडं बी हायच का," म्हणतो आणि बशी तोंडाला लावतो.

यावेळी निरीक्षकांकडं अवरक्त उपकरणं आहेत, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णता मोजणारी. आणि ती वस्तू सापडली! उष्णता देते, पण अगदी थोडी, सुमारे पाचशे केल्विन. सेल्सिअसमध्ये सव्वादोनशेच्या वर. नॉकआउट करून, म्हणजे साचा फोडून, बाजूला टाकलेलं कास्टिंग काळं दिसतं, पण त्यावर थुंकलं तर चर्र होतं, त्यातला हा प्रकार. फाउंड्रीतल्या पोराला असल्या काळ्या लोखंडाला हात लावू नये हे पहिल्या दिवशी कळतं. आकाशातलं काळं कास्टिंग ओळखायला मात्र सहा ग्रहणं गेली. त्यातही एक पाचर आहेच: ग्रहणाच्या मध्यावर तारा जरासा उजळल्यासारखा दिसला. थाळीला मधोमध भोक आहे की काय, यावर लोक भांडत बसले.

आणि हो, कुरुंदवाडचं ते मूल. १९८२च्या नोव्हेंबरात, हे ग्रहण नुकतं सुरू झालेलं असताना, बर्कलीचा हा विद्यार्थी पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या दुर्बिणीवर होता. डॉन बॅकर आणि इतरांबरोबर त्यानं सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा स्पंदक तारा शोधला, जगातला पहिला मिलिसेकंद पल्सार. काही तारे सत्तावीस वर्षांनी एकदा मिटतात, काही डोळ्याचं पातं लवायच्या आत दीडशे-दोनशे वेळा.

या मधल्या काळात तुम्हाला एक गोष्ट जाणवली असेल. प्रत्येक थांब्यावर बघणारी माणसं वेगळी आहेत. एका माणसाच्या वाट्याला कामाच्या वयात फार तर दोन ग्रहणं येतात. पहिल्यात तो शिकतो, दुसऱ्यात म्हातारा होतो. फाउंड्रीत जाणारी शिफ्ट येणाऱ्या शिफ्टला वहीत लिहून ठेवते, कुठली भट्टी तापलीय, कुठला साचा फुटला. तेवढ्यावर काम चालू राहतं. फ्रित्शची १८२१ची ओळ अशाच वहीतली पहिली. पुढच्याला वाचता यावी म्हणून लिहिलेली, पुढचा कोण ते माहीत नसताना.

२०१०. क्युपोला कमी झालेत, त्यांच्या जागी इंडक्शन फर्नेस गुणगुणतात. पलीकडं गावात भारनियमनाचा अंधार आहे, त्यामुळे तेवढा एक तुकडा आकाश बरं दिसतं. फाउंड्रीच्या वातानुकूलित खोलीत पोरगा स्पेक्ट्रोवर बसलाय: फर्नेसमधून घेतलेला रुपयाएवढा नमुना घासून ठेवायचा, त्यावर ठिणगी पाडायची, उजेड फोडून बघायचा, आणि मिनिटभरात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस टक्क्यांत स्क्रीनवर. तो जे लोखंडाचं करतो तेच आकाशात ताऱ्याचं चाललंय. इंग्लंडमधला रॉबिन लेडबीटर नावाचा एक हौशी माणूस आपल्या घरच्या दुर्बिणीतून एप्सिलॉनच्या वर्णपटातली पोटॅशियमची रेघ रात्रीमागून रात्र मोजतोय. थाळीतला वायू आडवा येतो तसतशी ती रेघ ठळक होत जाते, आणि तीही पायऱ्या-पायऱ्यांनी. म्हणजे थाळी एकसंध नाही. तिच्यात कड्या असाव्यात, मध्ये मोकळ्या जागा. कुठलं मोठं नाव नसलेल्या माणसानं हे सगळं स्वतःच्या अंगणातून केलं.

मोठ्यांचाही विजय याच ग्रहणातला. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र जुळवून २००९च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरात चित्रं काढली गेली. एप्रिल २०१०च्या 'नेचर'मध्ये ती आली. गोल तारा, आणि त्याच्या खालच्या अर्ध्यावरून सरकत जाणारी काळी, लांबोडकी सावली. थाळी! लुडेनडॉर्फपासून लोक जिच्या नावानं भांडत होते ती चित्रात. त्रिज्या पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण चौपट, आणि एवढ्या पसाऱ्यात धूळ म्हणाल तर सगळी मिळून पृथ्वीच्या वजनाचीही नाही. मधोमध एक तारा दडलाय, तो बहुधा निळसर आणि गरम. कोडं सुटलं म्हणून पेढे वाटायला हरकत नव्हती, पण मुख्य ताऱ्याचं वजन किती यावर अजूनही दोन तट आहेत. तो तरुण आणि जड आहे की म्हातारा आणि हलका, यावर ती धूळ आली कुठून याचं उत्तर ठरणार.

इथं यंत्र अचानक आचके देतं. ५ मार्च २०११. एप्सिलॉन तळातून वर यायच्या बेतात असताना दुसरीकडे, हंस तारकासमूहात, एक अनोळखी तारा पंधरा टक्के मंद होतो. नुसत्या डोळ्यांना तो कधीच दिसणार नाही, शिरोलीतून तर नाहीच. पण नासाची केप्लर दुर्बीण एकाच वेळी दीड लाख तारे न्याहाळतेय, त्यात तो आहे. गुरूएवढा ग्रह आडवा गेला तर एखादा टक्का प्रकाश कमी होतो. इथं पंधरा. २८ फेब्रुवारी २०१३ला बावीस. ना ठरावीक काळ, ना ठरावीक आकार. घरबसल्या केप्लरचे आलेख तपासणाऱ्या हौशी लोकांना हे खटकलं, आणि टॅबेथा बोयाजियान यांनी २०१५ मध्ये त्यांच्यासकट शोधनिबंध लिहिला. मग जगभर गदारोळ: परग्रहवासीयांनी ताऱ्याभोवती बांधकाम केलंय! १९३७चा सगळ्यांत मोठा तारा काय आणि हे बांधकाम काय, दिसत नसलेल्या गोष्टीला आपण आधी आकारानंच मोठं करतो.

२०१७च्या मे महिन्यात तो तारा पुन्हा डळमळला. लोकवर्गणीतून दुर्बिणींचा वेळ विकत घेऊन ठेवला होताच. निळा उजेड जास्त घटला, तांबडा कमी. भरीव भिंत आड आली असती तर सगळे रंग सारखे गेले असते. म्हणजे पुन्हा धूळ, बारीक धूळ. पण कुठली? फुटलेल्या धूमकेतूंची, मोडलेल्या एखाद्या चंद्राची? तारा तरुण नाही, त्याच्याभोवती अशी धूळ उरायला नको होती. चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीचा तो प्रकाश, बदामीला पहिला पुलकेशी किल्ला बांधत होता त्या सुमाराचा. धुळीचं मूळ आजही कुणी सांगितलेलं नाही.

२०२० मध्ये यंत्र थांबत नाही, पण काच खाली करून बघता येतं. आदल्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं हायवे पाण्याखाली घातला होता, त्याचा गाळ सुकतोय, आणि मृगातला तांबडा काक्षी रोज थोडा विझतोय. फेब्रुवारीत तो नेहमीच्या निम्म्यावरही उरला नाही. आता फुटतो, अशा बातम्या सुरू झाल्या. मार्चअखेर टाळेबंदी लागली, शिरोलीतल्या सगळ्या भट्ट्या थंड झाल्या, कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं असं आकाश गच्चीवर उतरलं, आणि तोवर काक्षी सावरला होता! नंतर कळलं ते असं: ताऱ्यानं स्वतःच वायूचा एक लोट बाहेर टाकला, तो थंड होऊन धूळ झाली, आणि ती नेमकी आपल्या बाजूला होती.

शेवटचा थांबा २०३७चा डिसेंबर. एप्सिलॉनचं ग्रहण २०३६च्या सप्टेंबरच्या आसपास लागलंय, आणि आता तो तळाला आहे. शिरोलीत त्या वर्षी भट्ट्या कशावर चालतात ते तुम्हीच बघून घ्या, मी सांगत नाही. रस्त्यावरचे दिवे मात्र पांढरे आणि प्रखर असणार, तेव्हा गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहा.

या थांब्यावर तुम्हाला काम आहे. कुरुंदवाडच्या त्या मुलानं पुढे पालोमारच्या जुन्या दुर्बिणीवर आकाश झाडून काढणारे कॅमेरे बसवले. पहिलं सर्वेक्षण सुरू झालं २००९ मध्ये, पुन्हा एप्सिलॉनच्या ग्रहणात, आणि त्याची मोठी आवृत्ती २०१८ पासून: झेडटीएफ, दोन-तीन रात्रींत अख्खं उत्तर आकाश. २०२४चं शॉ पारितोषिक त्यांना मिळालं. पण हे कॅमेरे इतके संवेदनशील आहेत की नुसत्या डोळ्यांना दिसणारा तारा त्यांच्यात जळून पांढरा ठिपका होतो, मोजता येत नाही. त्यांचं राज्य साधारण बाराव्या-तेराव्या प्रतीच्या पुढे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). चिलीतली रुबिन वेधशाळा तर याहून नाजूक. म्हणजे २०३७ मध्ये एप्सिलॉनला मोजायचं काम उरतं ते डोळे, साधा डीएसएलआर आणि वही असलेल्या माणसांकडे. १९११ पासून अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था अशा नोंदी गोळा करते, कुठल्याही देशातल्या, कुणाच्याही.

तेव्हा करा असं. आधी पंधरा मिनिटं अंधारात उभे राहा, मोबाइल खिशात. एटाची प्रत ३.२ धरा. एप्सिलॉन एरवी ३.०, म्हणजे एटापेक्षा ठळक. आज तो ३.७ ते ३.८ च्या घरात दिसायला हवा. एटा आणि आणखी एखादा मंद, न बदलणारा तारा घेऊन त्या दोघांच्या मध्ये एप्सिलॉन कुठं बसतो ते ठरवा, आणि तारीख, वेळ, आकडा तिथल्या तिथं लिहा. झीटावर मात्र विसंबू नका. तेही जोडतारं आहे, दर ९७२ दिवसांनी स्वतःच ग्रहणात जातं, आणि नेमकं त्या रात्री गेलेलं असेल तर तुमची वही बिघडली.